विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत हीट पंप का दमतो? टेक्निशियन येण्याआधी घरच्या घरी काय तपासाल?

जानेवारीतला एक व्हिडीओ कॉल. न्यू जर्सीत रात्रीचे अकरा, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात असलेला मित्र घरातच स्वेटरवर जॅकेट चढवून बसला होता. शेजारी त्याची आई, तिच्या कुशीत शालीत गुंडाळलेलं दीड महिन्याचं बाळ. बाळंतपणासाठी आई-बाबा नोव्हेंबरातच नाशिकहून तिकडे गेले होते. बाहेर उणे ११ अंश सेल्सिअस. थर्मोस्टॅटवर २१ अंश लावलेले, घरात प्रत्यक्ष १६.

‘हीट पंप चार तास अखंड चालू आहे, व्हेंटमधून हवाही येतेय, पण घर काही तापत नाही. सर्व्हिसवाला परवाची वेळ देतोय. तोवर काय करू?’ त्याचा प्रश्न एवढाच होता.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनीत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरात आता हीट पंप आहे. अमेरिकेत २०२२मध्ये हीट पंपांची विक्री गॅसवर चालणाऱ्या फर्नेसपेक्षा जास्त झाली. पण घर विकत घेताना वा भाड्याने घेताना ही मशीन चालवायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. मग पहिली कडक थंडी पडली की घाबरगुंडी उडते. त्यातली काही लक्षणं बिघाडाची नसतातच आणि काही बिघाड घरातल्या माणसालाच दूर करता येतात. उरलेल्यांसाठी मात्र टेक्निशियनच लागतो. हे तिन्ही वेगळे कसे ओळखायचे, ते पाहू.

हीट पंप म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, उलटा चालणारा एसी. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरची उष्णता उचलून आत आणतो. दोन्ही कामं एकच मशीन करते. आत एक ‘रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह’ असतो. तो फिरला की गॅसच्या प्रवाहाची दिशा बदलते आणि उन्हाळ्यातला एसी हिवाळ्यात हीटर होतो.

बाहेर उणे तापमान असताना उष्णता येते कुठून, हा साहजिक प्रश्न. आपल्याला बर्फाळ वाटणाऱ्या हवेतही उष्णता असतेच. प्रश्न ती शोषून घेण्याचा आहे. अनेक घरगुती मशीनमध्ये वापरला जाणारा आर-४१०ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे ५१ अंशांच्या आसपास उकळतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो हवेपेक्षाही थंड ठेवला जातो, त्यामुळे उणे १० अंशांची हवासुद्धा त्याला उष्णता देते. मग कॉम्प्रेसर त्याचा दाब वाढवतो, दाबाबरोबर तापमान वाढतं आणि ही उष्णता घरात सोडली जाते.

फायदा इथेच आहे. साध्या विजेच्या हीटरला एक युनिट वीज दिली की एक युनिट उष्णता मिळते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो. म्हणून बाहेर ८ अंश असताना एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता घरात येते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात.

थंडी वाढली की त्याची ताकद कमी का होते?

एकाच वेळी दोन गोष्टी घडतात, त्याही उलट दिशेने.

पहिली, घराची गरज वाढते. भिंती, खिडक्या आणि छतातून निसटणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. आत २१ आणि बाहेर ८ असेल, तर फरक १३ अंशांचा. बाहेर उणे ८ झालं, तर फरक २९ अंशांचा. म्हणजे गरज दुपटीहून जास्त.

दुसरी, मशीनची क्षमता घटते. बाहेरची हवा जितकी थंड, तितका प्रत्येक फेरीत कॉम्प्रेसरकडे कमी गॅस पोहोचतो. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या मशीनची क्षमता उणे ८ अंशांना साधारण ६० टक्क्यांवर येते. सीओपीही दोन-अडीचपर्यंत उतरतो.

ज्या तापमानाला घराची गरज आणि मशीनची क्षमता सारखी होते, त्याला ‘बॅलन्स पॉइंट’ म्हणतात. त्याच्या खाली हीट पंप एकट्याने घर उबदार ठेवू शकत नाही, त्याला मदत लागते. हा बिंदू प्रत्येक घरात वेगळा असतो. म्हणूनच शेजारच्या घरातली तीच मशीन व्यवस्थित चालते आणि आपली मात्र दमते, असं होऊ शकतं.

कोणत्या गोष्टींना घाबरू नये?

आउटडोअर युनिटमधून वाफ : बाहेरच्या कॉइलवर हवेतला ओलावा गोठून पांढरा थर बसतो. तो वितळवण्यासाठी मशीन काही मिनिटं स्वतःहून उलटी चालते. याला डिफ्रॉस्ट म्हणतात. त्या वेळी बाहेरचा पंखा थांबतो, ‘फुस्स’ असा आवाज येतो, पाणी गळतं आणि वाफेचा लोट उठतो. अनेकांना आग लागल्यासारखं वाटतं. साधारण ५ ते १५ मिनिटांत पंखा पुन्हा फिरू लागला, तर सगळं ठीक आहे. तापमान शून्याच्या आसपास आणि हवा दमट असेल, तर असं वारंवार होतं.

कोमट हवा : गॅस फर्नेसची हवा ५० अंशांच्या वर असते. हीट पंपची बऱ्याचदा ३२ ते ३८ अंश. आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असल्याने ही हवा हाताला गरम लागत नाही, वाऱ्याच्या झोतामुळे उलट गारच वाटते. हातावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर वापरा. जिथून हवा मशीनकडे परत जाते त्या जाळीपाशी एकदा आणि व्हेंटपाशी एकदा तापमान घ्या. व्हेंटची हवा परतीच्या हवेपेक्षा ८-१० अंशांनी जास्त असेल, तर मशीन काम करते आहे.

अखंड चालणं : फर्नेस जोरात तापते आणि बंद होते. हीट पंप मंद आचेवरच्या भातासारखा चालतो. कडक थंडीत तो तासन् तास चालू राहणं अपेक्षितच आहे. घराचं तापमान टिकून असेल, तर चिंता नको.

‘ऑक्स’ आणि ‘इमर्जन्सी’ हीट यांत फरक काय?

विजेचं बिल खरं इथे फुगतं. अमेरिकेतल्या डक्ट असलेल्या बहुतेक यंत्रणांत घरातल्या युनिटमध्ये विजेच्या कॉइल बसवलेल्या असतात. हीट पंप कमी पडला, की त्या आपोआप मदतीला येतात आणि थर्मोस्टॅटवर ‘ऑक्स हीट’ दिसतं. या वेळी दोन्ही चालू असतात. डिफ्रॉस्टच्या वेळी घरात गार हवा येऊ नये म्हणूनही याच कॉइल लागतात.

‘इमर्जन्सी हीट’ हे बटण मात्र आपण दाबतो. ते दाबलं की हीट पंप पूर्ण बंद होतो आणि सगळा भार त्या कॉइलवर येतो. हीट पंप खरोखर बिघडला असेल, तेव्हासाठीच ही सोय आहे. ‘आज थंडी जास्त आहे’ म्हणून ते दाबू नका.

हिशेब असा. १० किलोवॅटच्या कॉइल १० तास चालल्या तर १०० युनिट. एका युनिटला १७ सेंट धरले, तर एका रात्रीचे १७ डॉलर. तेवढीच उष्णता २.५ सीओपीने हीट पंपकडून घेतली, तर ४० युनिट, म्हणजे सातहून कमी डॉलर. महिनाभर इमर्जन्सीवर राहिलेलं घर बिल पाहून हादरतं ते यामुळे.

घरच्या घरी काय तपासाल?

१. थर्मोस्टॅट : मोड ‘हीट’वर आहे ना, ते आधी पाहा. भिंतीवरच्या मिनी स्प्लिटचा रिमोट ‘ऑटो’वर असेल, तर मशीन स्वतःच गार करायचं की गरम हे ठरवते. तो सूर्याच्या चिन्हावर आणा. वायरलेस थर्मोस्टॅटची बॅटरी तपासा. नवा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर त्यातलं ‘ओ/बी’ सेटिंग पाहायला सांगा. ते उलटं असेल, तर ‘हीट’वर ठेवूनही मशीन गार हवा देते.

२. रात्री तापमान फार खाली नेऊ नका : रात्री १६ आणि सकाळी सहाला एकदम २१, ही फर्नेसच्या काळातली काटकसर. हीट पंपवर ती उलटते. पाच अंशांची उडी एकदम मारायची म्हटल्यावर अनेक थर्मोस्टॅट ऑक्स हीट चालू करतात आणि रात्रभर वाचवलेलं सकाळच्या दोन तासांत जातं. थंडीच्या लाटेत एकच तापमान ठरवून तिथेच ठेवणं बरं.

३. फिल्टर : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. फिल्टर चोंदला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो आणि मशीन स्वसंरक्षणासाठी बंद पडू शकते. थंडीत महिन्यातून एकदा फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर बदला. मिनी स्प्लिटचा जाळीचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून परत लावता येतो.

४. व्हेंट : न वापरत्या खोल्यांचे व्हेंट बंद केल्याने उष्णता वाचते, हा गैरसमज आहे. हीट पंपला भरपूर हवा फिरवावी लागते. सोफा, पलंग, जाड पडदा किंवा गालिचा व्हेंटवर किंवा परतीच्या जाळीवर आलेला नाही ना, ते पाहा.

५. ब्रेकर : आउटडोअर युनिट आणि आतलं युनिट यांचे ब्रेकर बहुधा वेगळे असतात. आतला पंखा फिरतोय म्हणजे बाहेरची मशीनही चालू आहे, असं नाही. ट्रिप झालेला ब्रेकर एकदाच पूर्ण बंद करून चालू करा. पुन्हा ट्रिप झाला, तर हात लावू नका.

६. आउटडोअर युनिट : चारही बाजूंनी साधारण दोन फूट जागा मोकळी हवी. वाऱ्याने साचलेला बर्फ, सुकलेली पानं, कुंपणाची झुडपं दूर करा. युनिटच्या खालून डिफ्रॉस्टचं पाणी निघून जायला वाट हवी. वरच्या छपराच्या पागोळ्या थेट पंख्यावर पडत असतील, तर ते पाणी तिथेच गोठतं. आणि युनिटवर कुठल्याही प्रकारचं आच्छादन नको.

या शेवटच्या मुद्द्याशी माझ्या मित्राचं उत्तर सापडलं. मी त्याला फोन घेऊन बाहेर जायला सांगितलं. टॉर्चच्या उजेडात दिसली ती निळी ताडपत्री, आउटडोअर युनिटला चारही बाजूंनी नीट दोरीने बांधलेली. नाशिकच्या घरी पावसाळ्यात एसीच्या आउटडोअरवर ताडपत्री टाकायची बाबांची जुनी सवय. बर्फ पडणार म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यांनी मुलाची महागाची मशीन झाकून ठेवली होती. हिवाळ्यात एसी कोण लावतं, मग ती चालू असेल असं त्यांना वाटण्याचं कारणच नव्हतं. कोंडलेल्या हवेतून मशीन उष्णता उचलणार कुठून? कॉइलवर बर्फाचा थर चढला होता आणि घर फक्त ऑक्स हीटवर, तेही ऑगस्टपासून न बदललेल्या फिल्टरमधून, कसंबसं तग धरून होतं.

युनिटवर बर्फाचा जाड थर असेल तर?

पांढरट, पातळ थर आणि बर्फात गाडलेलं युनिट यांत फरक आहे. कॉइलच्या पट्ट्याच दिसेनाशा झाल्या असतील आणि दोन-तीन तासांतही थर कमी होत नसेल, तर डिफ्रॉस्ट नीट होत नाहीये.

अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर, सुरी, फावडं यांनी बर्फ खरवडू नका. कॉइलच्या नळ्या पातळ असतात. एक भोक पडलं, तर सगळा गॅस जातो आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. उकळतं पाणी किंवा मीठही टाकू नका. आधी मशीन बंद करा, भोवतालचा मोकळा बर्फ हाताने किंवा मऊ झाडूने काढा, फिल्टर बदला आणि मशीन पुन्हा ‘हीट’वर चालू करून डिफ्रॉस्ट होतो का, ते पाहा. मित्राने हेच केलं. थोड्या वेळाने वाफेचा लोट उठला, बर्फ खाली गळला, पंखा फिरू लागला. डिफ्रॉस्ट होतच नसेल, तर सेन्सर, कंट्रोल बोर्ड किंवा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी बिघडलेलं असू शकतं आणि तिथे आपलं काम संपतं. तेव्हा इमर्जन्सी हीटचं बटण दाबणं योग्य.

अजून एक. वीज बराच काळ गेली असेल, तर ती आल्या आल्या कॉम्प्रेसर सुरू करण्याची घाई करू नका. अनेक मशीनमध्ये कॉम्प्रेसरचं तेल उबदार ठेवणारा छोटा हीटर असतो. त्याला आधी पुरेसा वेळ लागतो. तो किती, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. याच कारणासाठी हिवाळ्यात आउटडोअर युनिटचा ब्रेकर बंद ठेवू नये.

टेक्निशियनला केव्हा बोलवायचं?

डिफ्रॉस्ट नसतानाही व्हेंटमधून खोलीपेक्षा गार हवा येत असेल, बाहेरचा पंखा किंवा कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, ब्रेकर पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल, जळका वास किंवा धातू घासल्यासारखा आवाज येत असेल, किंवा बाहेर शून्याच्या वर तापमान असतानाही ऑक्स हीट सतत दिसत असेल, तर वाट पाहू नका. शेवटचं लक्षण बऱ्याचदा गॅस कमी झाल्याचं असतं.

‘गॅस भरून घ्या’ एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. हीट पंपमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेलच असं नाही. अमेरिकेत या गॅसचं काम करायला पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांनुसार ‘सेक्शन ६०८’ प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे घरी प्रयोग नको.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा : बाहेरचं तापमान, परतीच्या जाळीपाशी आणि व्हेंटपाशी घेतलेलं तापमान, थर्मोस्टॅटवर दिसणारा संदेश आणि आउटडोअर युनिटचा फोटो. एवढ्यावरून चांगला टेक्निशियन निम्मं निदान फोनवर करतो आणि लागणारा सुटा भाग सोबत घेऊन येतो.

तोवर घर कसं सांभाळायचं?

एका खोलीत सगळ्यांनी राहा, बाकीची दारं बंद ठेवा, दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून लावा. दिवसा उन्हाकडचे पडदे उघडे, रात्री सगळे बंद. सुटा हीटर वापरला, तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. अंथरूण-पांघरुणापासून तीन फूट दूर ठेवा. फार थंडीत बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने सोडून ठेवा, म्हणजे पाइप गोठून फुटायचा धोका कमी होतो.

आणि एक गोष्ट चुकूनही नाही. गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर तापवू नका, कोळशाची शेगडी घरात आणू नका, जनरेटर गॅरेजमध्ये चालवू नका. बंद घरात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच जीव जातो. गावाकडे थंडीत शेकोटीची सवय असलेल्या आई-बाबांना हे आवर्जून सांगा. तिथली घरं वारा आत येऊ नये म्हणूनच बांधलेली असतात.

मग हीट पंप थंड देशांसाठी नाहीच का?

तसं असतं, तर नॉर्वेत तो दिसलाच नसता. तिथे सुमारे ६० टक्के घरांत हीट पंप आहे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये ४० टक्क्यांहून जास्त. अमेरिकेच्या मेन राज्याने एक लाख हीट पंप बसवण्याचं २०२५चं उद्दिष्ट २०२३मध्येच गाठलं. वेग बदलू शकणारे कॉम्प्रेसर असलेली ‘कोल्ड क्लायमेट’ मॉडेल उणे १५ अंशांनाही आपली बरीचशी क्षमता टिकवून ठेवतात.

पण मशीन बदलण्याआधी घर पाहा. माळ्यावरचं इन्सुलेशन, खिडक्यांच्या फटी, बेसमेंटमधल्या डक्टची गळती हे दुरुस्त केलं, तर घराची गरजच कमी होते आणि तीच जुनी मशीन पुरी पडू शकते. नवी मशीन आता महागही पडेल. अमेरिकेत हीट पंपवर मिळणारी ३० टक्के, कमाल २००० डॉलरची केंद्रीय कर सवलत ३१ डिसेंबर २०२५नंतर बंद झाली आहे.

महाराष्ट्रात घर तापवण्याची वेळ फारशी येत नाही. पण हॉटेल, होस्टेल आणि काही सोसायट्यांमध्ये पाणी तापवायला हीट पंपच वापरतात. निफाडचा पारा खाली उतरला की तिथेही हाच नियम लागू होतो. बाहेरची हवा थंड, त्यात नळाचं पाणीही थंड, म्हणून टाकी तापायला वेळ लागतो. अशा वेळी आधी कॉइलवरची धूळ आणि युनिटभोवती रचून ठेवलेलं सामान पाहावं.

न्यू जर्सीतलं ते घर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत १९ अंशांवर आलं होतं. टेक्निशियन ठरल्या दिवशी आला, दाब तपासला, मशीन ठणठणीत असल्याचं सांगून गेला. ताडपत्री आता गॅरेजमध्ये आहे. आणि बर्फ पडला की सकाळी चहाआधी झाडू घेऊन युनिटभोवतीची जागा मोकळी करायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे.